नऊ वेळा श्वास घेणारं प्रेत

सेगावाला कुणी विचारलं की बाबा, तुझा सगळ्यात आवडता सिनेमा कुठला, तर तो लगेच नाव सांगायचा: ‘आतड्यांचा पूल’. शेवट काय त्याचा, असं विचारलं की गडी गप्प. शेवट त्यानं बघितलेलाच नव्हता.

सोळा वर्षांचा होता तेव्हा. आमागासाकीत स्टेशनामागच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणली, आई बाजारात गेलेली, पडदे ओढले आणि बसला. एक तास चार मिनिटं बघितलं. जिथं प्रेताला ढकलत ढकलत भट्टीच्या तोंडाशी आणतात, नेमकी तिथं आई दारात उभी. पडद्यावर पोट फाटलेला माणूस, आणि खाली वाडगा मांडीवर घेऊन भात खाणारं पोरगं. बाईनं सरळ कॅसेट काढली, पिशवीत घातली, स्वतः चालत जाऊन परत देऊन आली. वर लायब्ररीवाल्याला असं काय सुनावलं, देव जाणे, त्यानं ती फळीवरून कायमची उतरवली. डब्यावर पंच्याहत्तर मिनिटं लिहिलेलं होतं. म्हणजे अकरा मिनिटं राहिली.

त्या अकरा मिनिटांसाठी माणूस एकतीस वर्षं फिरला. ओसाका पालथं घातलं, कोबेत बंद पडणाऱ्या प्रत्येक लायब्ररीच्या दारात उभा राहिला. धंदा त्याचा थंड पेयांच्या यंत्रांत बाटल्या भरायचा, त्यामुळं गाडी हाताशी आणि गल्लीबोळ पाठ. सापडलं बाकी सगळं. नुसत्या कॅसेटी साडेआठशे. तीन दिवसांत उरकलेले सिनेमे, रक्ताच्या जागी सरबत, राक्षसाच्या पाठीला दिसणारी चेन, मारामारीत मागून निवांत जाणारा सायकलवाला. बायको त्यापायी गेली, असं लोक म्हणतात. ती गेली त्याच्या घोरण्यापायी, पण ते असो.

काय मिळतं तुला त्या घाणीत, असं कुणी म्हटलं की तो पेटायचा. “अरे, मोठ्या सिनेमात माणूस मरतो तेव्हा मला काहीच वाटत नाही. शंभर जण राबलेत त्या मरणामागं, पैसा ओतलाय. इथं बघ, खिशात दमडी नाही, दिवा एकच, तोही शेजाऱ्याचा, आणि तरी या येड्याला मला भीती दाखवायचीच आहे! एवढा जीव कोण टाकतं रे दुसऱ्यासाठी?”

असे येडे आणखी चार होते. दर वर्षी पंधरा ऑगस्टला, बोनच्या सुट्टीत, म्हणजे पितर तीन दिवस घरी येतात ना, तेव्हा, हे पाच जण उसुईच्या दुकानाच्या माडीवर जमायचे. उसुई खाली तव्यावर कोबीची जाडजूड धिरडी भाजून विकतो. वर टीव्ही, दोन व्हीसीआर आणि एक नियम: टेप सुरू झाली की थांबवायची नाही. कुणाला लघवी लागो, भूकंप होवो. जुन्या टेपा त्या, थांबवल्या-फिरवल्या की झिजतात.

आणि सुरुवातीला एक खेळ. निशिवाकी म्हणून शाळेत कवायत शिकवणारा दांडगा माणूस आहे, तो चटईवर आडवा व्हायचा, पोटावर लाल आल्याचं लोणचं ओतून घ्यायचा आणि श्वास घ्यायचा. सेगावानंच सांगितलं होतं ना त्यांना, की ‘आतड्यांचा पूल’मध्ये प्रेत श्वास घेतं! पोट फाटलंय, आतडी बाहेर आलीत, आणि पोट वरखाली, वरखाली. एकदा नाही, चांगली चार मिनिटं. आणि त्या आतड्यांना गाठी! अशी चूक जगात दुसऱ्या कुणी केली नाही, असं सेगावाचं ठाम मत. खेळाचं नाव ‘सेगावाचं प्रेत’. हसून हसून पाचही जणांची मुरकुंडी वळायची.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी सेगावा एका जुन्या बाजारात यंत्र भरायला गेला. वरून पत्रा, आत भट्टीसारखा उकाडा. शेजारी कोन्न्याकूचं दुकान, म्हणजे कंदाच्या पिठाची ती राखाडी, थलथलीत वडी, आणि तिच्याच शेवया, जुड्या बांधून पाण्यात सोडलेल्या. सेगावानं घाम पुसला, सहज पाण्यात बघितलं, आणि हातातली बाटल्यांची पेटी पायावर सोडली.

जुडीची गाठ. इतर दुकानांत शेवयांचं टोक एकदा खालून खोचतात. इथं दोनदा खोचलेलं, आणि वर बारीक शेपूट.

“मावशी,” तो लंगडत आत गेला, “ही गाठ कोण मारतं?”

“कोण मारणार? मी. आधी वडील मारायचे.” बाई साठीच्या पुढची, हातात सुरी, कमरेला रबरी एप्रन. “का? सुटली?”

“सुटत नाही ना, म्हणून विचारतोय.”

“मग बरंय की.”

“मावशी, रागावू नका. तुम्ही कधी... सिनेमाला आतडी दिली होती का?”

सुरी थांबली. बाईनं त्याला टोपीपासून बुटापर्यंत बघितलं.

“तुम्ही कोण?”

“यंत्रात बाटल्या भरतो.”

“ते दिसतंय. त्या सिनेमाचे कोण?”

सेगावानं टोपी काढून हातात घेतली.  म्हणाला, “बघणारा.”

बाईचं नाव हारुए. नवरा सेत्सुओ, लग्नांचे व्हिडिओ काढायचा. त्याच कॅमेऱ्यावर, चार मित्र घेऊन, एका बंद पडलेल्या सार्वजनिक हमामाच्या भट्टीखोलीत त्यानं तो सिनेमा काढला. आतड्यांसाठी सासऱ्याच्या दुकानातून वीस किलो शेवया नेल्या, देवाच्या कामाला हव्यात म्हणून.

“वडिलांना कळलं तेव्हा म्हणाले, लोकांच्या पोटात जायचं ते तू पोटातून बाहेर काढलंस. मरेपर्यंत बोलले नाहीत त्याच्याशी. मरेपर्यंत म्हणजे काय, दोनच वर्षं. तोच आधी गेला. हृदय.” हारुए मावशीनं सुरी पुसली. “मी बघितला नाही. वडिलांनी शपथ घातली होती. मग वडील गेले, मग व्हीसीआर बिघडला, मग राहूनच गेलं. कॅसेट आहे. देव्हाऱ्याच्या खणात.”

सेगावाच्या कानात झांजा वाजायला लागल्या.

“शेकड्यांनी लग्नं काढली त्यानं,” मावशी म्हणाली. “आमच्या घरात त्याचं हलतं चित्र एक नाही. कॅमेरा कायम ह्याच्याच डोळ्याला. मला एवढंच सांगा, त्या सिनेमात तो कुठं दिसतो का?”

“आठवत नाही हो. चौघं आहेत, ते मित्रच असणार. आणि एक प्रेत. पण त्याच्या तोंडाला पट्ट्या गुंडाळलेल्या.” प्रेत श्वास घेतं, हे तो बोलला नाही. का कोण जाणे, लाज वाटली.

मावशीनं सुरी ठेवली, हात पुसले. मग आतून कॅसेट आणून त्याच्या हातात दिली. “मला दाखवायची. बोनमध्ये. तो घरी आलेला असतो तेव्हा. आणि पंधराला संध्याकाळी ती इथं परत, देव्हाऱ्यात. सोळाला त्याला निरोप द्यायचा असतो.”

“मावशी, पंधराला आमची बैठक...”

“मग तिथंच येते की. दुकानाला सुट्टीच आहे.”

तो नको म्हणणार होता. पण कॅसेट हातात होती, आणि हातानं तोंडाला बोलू दिलं नाही.

घरी येऊन कॅसेटच्या खिडकीतून आत बघितलं तर टेपवर पांढरी बुरशी, सशाच्या केसांसारखी. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात कॅसेटींचं हे असंच होतं. अशी टेप तशीच लावली तर ती फाटते आणि यंत्रही जातं. हे सेगावाला ठाऊक नव्हतं? त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं! पाच स्क्रू काढायचे, रीळ हातानं फिरवायचं, मऊ फडक्यानं बोटबोट पुसत जायचं. पाच-सहा दिवसांचं काम, आणि मध्ये लावून बघायचं नाही.

तीन दिवस पुसलं. पहाटे कामावर, दुपारी घरी, फडकं आणि रीळ. चौथ्या दिवशी बूड टेकेना. उठायचा, पाणी प्यायचा, बसायचा, परत उठायचा. दाराची कडी दोनदा बघून आला. मनात म्हणाला, नुसतं नाव बघू. एक मिनिट. पुढचा भाग पुसलेलाच आहे.

लावली. निळा पडदा, मग काळा, मग लाल अक्षरं थरथरत वर यायला लागली, आणि यंत्रातून असा आवाज आला जसं कुणी वाळकं पान चुरगाळतंय.

चाळीस सेकंद गेली. सिनेमाचं नाव, सगळ्यांची नावं, सेत्सुओचं नाव. सेगावानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, अगदी खरोखर, दोन. मग चुरगळलेला तुकडा कापला, जोड दिला, आणि उरलेली टेप अशी पुसली जसं तान्ह्या बाळाचं अंग पुसतात. पुसताना कळत होतं, आतला थर सुटायला लागलाय, फडक्यावर तपकिरी डाग येतोय. ही एकदा चालेल. फार तर दोनदा.

पंधरा तारखेला दुपारी तो माडीवर सगळ्यांच्या आधी हजर. दुसरा व्हीसीआर पहिल्याला जोडला, कोरी कॅसेट घातली. एका चालीत सिनेमा बघायचाही आणि उतरवूनही घ्यायचा. वायरी तीनदा तपासल्या.

“अरे बस की खाली,” उसुई म्हणाला. “बाळंतिणीच्या नवऱ्यासारखा काय फिरतोयस?”

“उसुई, ऐक ना. एक बाई येणारेत.”

“बाई? इथं?” उसुईनं कालथा खाली ठेवला. “त्यांना सांगितलंस ना आपण काय बघतो ते?”

“सिनेमा त्यांच्याच नवऱ्यानं काढलाय. आणि आज ते, ते प्रेताचं खेळू नका. निशिवाकीला सांग.”

“निशिवाकी वर गेलासुद्धा.”

सेगावा जिन्याकडं धावला, पण मावशी मागच्या दारानं येऊन त्याच्या पुढंच चढत होती. काळा झगा, हातात रुमालात बांधलेला डबा. वर चटईवर निशिवाकी, सदरा वर, पोटावर लाल लोणचं, डोळे मिटून: हुश्श, हुश्श, हुश्श. बाकीचे दोघे भिंतीला टेकून खिदळत होते.

मावशी दारात थांबली.

“याला काय झालं?”

निशिवाकीनं एक डोळा उघडला आणि असा ताडकन उठला की लोणचं भिंतीवर. “माफ करा, मावशी! व्यायाम... व्यायाम चालला होता.”

“लोणचं लावून?” मावशी बसली, डबा उघडला. “कोन्न्याकू आणलाय, मोहरी लावून. खा. हीच ती आतडी.”

मग सगळे हसले, आणि सेगावाच्या छातीवरचा दगड जरासा सरकला. जरासाच. एक तासानं काय होणार, ते त्यालाच ठाऊक होतं. ते प्रेत आलं की हे चौघं फुटणार, आणि ही बाई इथं मध्ये बसलेली असणार.

टेप चालली. चित्रावर बर्फ पडल्यासारखे ठिपके, आवाज विहिरीतून आल्यासारखा, पण चालली! भट्टीखोली, एक दिवा, वेडा न्हावी, त्याचा वस्तरा. रक्त इतकं गुलाबी की उसुई म्हणाला, “हे स्ट्रॉबेरीचं.” मावशी म्हणाली, “नाही, बीटाचं. माझा चांगला टॉवेल गेला त्यात.” न्हाव्याचं काम करणारा, ती म्हणाली, पुढं विम्याचा एजंट झाला. सेगावा सिनेमा बघतच नव्हता. एक डोळा घड्याळावर, एक मावशीवर, कान यंत्रावर. चुर्र झालं की त्याचा जीव वर-खाली. पन्नास मिनिटं. पंचावन्न.

एकोणसाठाव्या मिनिटाला प्रेत आलं. तोंडाला पट्ट्या, पोटावर लाल शेवयांचा ढीग, गाठी स्पष्ट दिसताहेत. कॅमेरा तिवईवर, हलत नाही. आणि पोट वर आलं, खाली गेलं.

निशिवाकी फुटलाच. “घेतोय! घेतोय रे श्वास!” बाकीचे चटईवर लोळायला लागले. उसुईच्या डोळ्यांतून पाणी.

“गप्प बसा,” मावशी म्हणाली.

मोठ्यानं नाही. पण गप्प झाले.

पडद्यावर पोट दोनदा भरभर हललं. मग थांबलं. इतकं थांबलं, की सेगावालाच वाटलं, मेला की काय खरोखर. तेवढ्यात त्याच्या बरगडीत कोपर बसलं. मावशीचं. तिनं त्याच्याकडं बघितलंही नव्हतं, नजर टीव्हीवर, कोपर आपोआप गेलेलं. आणि पोटानं एक लांब श्वास घेतला.

“दोन छोटे, मग थांबायचा,” मावशी म्हणाली. “झोपेत. आठ वर्षं. मी असं ढोसलं की मग घ्यायचा.”

परत दोन छोटे. परत थांबला. परत कोपर.

सेगावाला तेव्हा कळलं. एकतीस वर्षं तो या चार मिनिटांवर हसत आला होता, इतकं लांब दृश्य कोण ठेवतं म्हणून. अरे, ‘बस कर’ म्हणणारा माणूसच तिथं आडवा पडला होता! प्रेताचं काम करणारा आला नसेल, हा स्वतः निजला, कॅमेरा चालू ठेवून. बाकीच्यांना वाटलं, हा उठेल. आणि दमलेला माणूस, तीन दिवसांचा जागा, त्याला लागली झोप.

तो हे मोठ्यानं बोलला की मनात, त्याला आठवत नाही. 

दृश्य संपलं. दोघं जण प्रेताला ओढायला आले.

“मागं घ्या,” मावशी म्हणाली.

चौघांनी सेगावाकडं बघितलं. नियम. आणि नियमापेक्षा मोठं म्हणजे त्या टेपची अवस्था, ती फक्त सेगावाला ठाऊक. दुसरं यंत्र उतरवून घेत होतं. मागं घेतलं की नकलेत तेही येणार, सगळी नक्कल नासणार. आणि टेप मध्येच तुटली तर अकरा मिनिटं गेली ती गेली. 

“सेगावा,” उसुई हळूच म्हणाला, “निदान रेकॉर्डिंग तरी थांबव.”

पण त्यासाठी मावशीच्या शेजारून उठावं लागलं असतं. सेगावानं बसल्या जागी रिमोटचं बटण दाबलं. चित्र उलटं पळालं, शेवया पोटात गेल्या, पोट भराभर वरखाली. मग पुन्हा दोन छोटे, एक थांबा, एक लांब.

नऊ वेळा. पाचव्या वेळेपर्यंत निशिवाकीही थांब्याला कोपर हलवायला लागला होता. सातव्या वेळी चित्राला आडवी पांढरी रेघ आली. नवव्या वेळी यंत्रातून वाळक्या पानाचा आवाज आला, आणि सेगावानं ओठ चावला.

“बस,” मावशी म्हणाली. “आता काढा.”

“मावशी, पुढं अकराच मिनिटं...”

“पुढं भट्टीत घालतात ना त्याला?”

“हो.”

“एकदा घातलाय मी,” ती म्हणाली.

सेगावाचं बोट यंत्रापाशी गेलं. एकतीस वर्षं, साडेआठशे कॅसेटी, आणि हा एवढासा खटका. दाबला. कॅसेट बाहेर आली, कोमट. त्यानं ती दोन्ही हातांनी धरून तिला दिली, आपल्याकडं देतात तशी, मान खाली घालून. वर मान करायला त्याला जरा वेळ लागला.

मावशी गेल्यावर निशिवाकी म्हणाला, “तू येडा आहेस.” मग भिंतीवरचं लोणचं पुसायला लागला.

ती नक्कल आता फिरते आहे. नाव नाही, शेवट नाही, आणि प्रेत नऊ वेळा श्वास घेतं, मध्ये मध्ये उलटं. फुकुओकाच्या कुणा शौकिनानं त्यावर आठ पानं लिहिली, की दिग्दर्शकाला जन्म-मरणाचा फेरा दाखवायचाय आणि नऊ हा आकडा मुद्दाम घेतलाय. उसुई ते धिरडी भाजता भाजता मोठ्यानं वाचतो. सेगावा दुरुस्ती करत नाही. पण ते प्रेताचं सोंग माडीवर परत कुणी केलं नाही.

दर शुक्रवारी तो यंत्र भरायला त्या बाजारात जातो, जुडी घेतो, आणि नजर दुकानाच्या मागं देव्हाऱ्याकडं.

“काय बघताय?” तिसऱ्या शुक्रवारी मावशीनं विचारलं.

“काही नाही. तिथं ओल येते का हो?”

“कोन्न्याकूचं दुकान आहे. ओल नाही तर काय येणार?”

पुढच्या शुक्रवारी त्यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, आत ओल शोषणाऱ्या पुड्या. कॅसेट यात ठेवा म्हणाला. मावशीनं डब्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, मग जुडीला गाठ मारता मारता म्हणाली, “शेवट बघायचाय ना तुम्हाला?”

सेगावानं नुसती मान हलवली.

“पुढच्या बोनला या. मी डोळे मिटून बसेन. संपलं की सांगा.”

आता तो दर शुक्रवारी पुड्या बदलायला जातो. मावशी म्हणते, अहो महिन्याला बदललं तरी चालतं, पुडीवरच लिहिलंय. तो हो म्हणतो, आणि डबा उघडून खिडकीतून रिळावर बघतो. परवा कडेला एक पांढरा ठिपका दिसला त्याला. बुरशी की उजेड, कळेना. बोनला अजून आठ महिने आहेत.